दाजी, वैशूला ठेवा म्हणालो होतो

दाजी, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि आमच्या परसातला लव्हाळा पुन्हा वर आलाय. काल सकाळी शेवंतीच्या वाफ्यात बसून उपटत होतो. वरचं पातं हातात येतं, खालची गाठ मातीतच राहते, आणि चार दिवसांनी तीच गाठ दोन पाती घेऊन हजर होते. सुमन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आता कुणावर चिडणार?" सवयीनं मी तुमच्या नावानं पुटपुटत होतो, ते तिला ऐकू गेलं असावं. गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये म्हणतात. पण आपलं हे भांडण इतकं जुनं आहे की ते एकाएकी थांबवणं मला जमेल असं दिसत नाही.

माझ्या बहिणीचे, आक्काचे नवरे म्हणून मी तुम्हाला दाजी म्हणायचो, आणि तुम्ही मला, मी तुमचा सख्खा मेव्हणा असूनही, शेवटपर्यंत पावणं म्हणालात. त्यात थोडी चेष्टा होती, थोडा मान होता, आणि किती काय होतं ते मला कधी कळलं नाही. मी कोल्हापुरात शाळेत हस्तकला शिकवणारा मास्तर. कागद दुमडला तर कडेला कड जुळली पाहिजे, नाही जुळली तर मला जेवण गोड लागत नाही. तुम्ही शिरोळच्या पुढं, कृष्णेच्या अंगावर ऊस पिकवणारे. तुमच्याकडे सगळं 'अंदाजानं' व्हायचं. किती वाजता येणार? अंदाजानं. ऊस कधी तुटणार? अंदाजानं. चहात साखर किती? तीही अंदाजानंच, आणि तो अंदाज नेहमी जास्तीचा.

आपण दोघं एकमेकांच्या वाट्याला फार गेलो नसतो. सणावारी भेटलो असतो, पाऊसपाण्याचं बोललो असतो आणि उठलो असतो. पण त्या श्रावणात पूर आला.

त्या पुराचं मी पाहिलेलं असं काही नाही. मी पाहिलं ते पुरानंतरचं. आमच्या दारात तुम्ही उभे, खांद्यावर चार वर्षांचा दिगू झोपलेला, हाताला आठ वर्षांची वैशू आणि तिच्या दुसऱ्या हातात एक पिशवी. अंगावरचे कपडे कुणीतरी दिलेले, ते तिला मोठे होत होते. तुम्ही दारातूनच म्हणालात, "गोठ्याची भित्त गेली, दोन म्हसरं गेली. घरात चिखूल हाय. पोरास्नी दिवाळीपतूर ठेवा. आक्का तकडंच ऱ्हाईल." चहासुद्धा न घेता तुम्ही परतीची एस.टी. गाठलीत. सुमन पोरांकडे बघत उभी राहिली आणि मी तिच्याकडे.

आम्हाला मूल नव्हतं. हे तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही त्याबद्दल एक अक्षरही कधी बोलला नाहीत, आणि नात्यागोत्यात असे तुम्ही एकटेच होता. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले.

वैशूला मी माझ्याच शाळेत तिसरीच्या वर्गात बसवलं. पोर हुशार होती, हसायचीही. पण संध्याकाळ झाली की तिचं एक काम ठरलेलं असे. जमिनीवरचं सगळं उचलून ती उंचावर ठेवायची. चपला खिडकीत, दप्तर कपाटावर, सुमनचे पाट कणगीवर, दिगूचा लाकडी बैल देव्हाऱ्याच्या वर. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, खेळतेय. चौथ्या दिवशी मी चपला खाली ठेवल्या तर तिनं त्या मुकाट्यानं पुन्हा वर ठेवल्या. एकदा सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली आणि पन्हाळीतून पाणी अंगणात पडायला लागलं. वैशूनं दिगूला काखेत मारलं आणि ती जिन्यावर जाऊन उभी राहिली. सुमननं नळ बंद केला, तिला हाका मारल्या. पाणी पूर्ण थांबल्यावर आणि अंगण वाळल्यावरच ती खाली आली.

हे मी तुम्हाला पुढच्या रविवारी सांगितलं. तुम्ही गाळाचं पोतं खांद्यावरून उतरवत होता. ऐकून घेतलंत, पोत्याचं तोंड सोडलंत आणि म्हणालात, "ह्यो गाळ बघा. लोण्यावानी हाय."

तिथून लव्हाळ्याची गोष्ट सुरू झाली. दर रविवारी तुम्ही शिरोळहून एस.टी.नं गाळाचं एक पोतं आणायचा. कंडक्टरशी भांडून आणायचा. मी म्हणालो, माझ्या कुंड्यांना खत आहे, शेवंतीला मी मोजून घालतो. तुमचं उत्तर ठरलेलं. "पुरानं भित्त न्हेली, म्हसरं न्हेली. द्यायला ह्येवढंच दिलंय. वाया कशापायी घालवायचं?" माझ्या परसात कृष्णेचा काळा ढीग वाढत गेला आणि त्यात लपून लव्हाळ्याच्या गाठी आल्या. नदीकाठच्या माणसाला लव्हाळा दिसला नसेल यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. तुम्ही नेहमी म्हणायचा, "दिसला हुता. पन त्यो तुमचं काय खातोय?"

पोरांनी मात्र त्या ढिगाचं सोनं केलं. नवरात्राच्या सुमारास ऊन कडक पडायला लागलं आणि शाळा सुटल्यावर दोघं परसातच असायची. वैशूनं ढीग पसरून सपाट केला, त्यात सऱ्या पाडल्या. दिगू बैल झाला होता. त्याच्या कमरेला सुमनच्या जुन्या लुगड्याची दोरी आणि मागं वैशू, हातात उलथनं. उलथनं वाकलं ते आजही आमच्या घरात तसंच आहे, दशम्या उलटताना वाकडं फिरतं. तुम्ही खायला आणलेल्या उसातला अर्धा त्यांनी खाल्ला आणि अर्ध्याची कांडी करून लावली, डोळा वरच्या अंगाला ठेवून, बरोबर अंतरानं. मी बघत होतो. माझ्या वर्गात पट्टी घेऊनही पोरांना सारखं अंतर साधत नाही. मी तिला विचारलं, "कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "आप्पा लावत्यात की." मग जरा थांबून म्हणाली, "मामा, हितं पानी येत न्हाय न्हवं?" मी म्हणालो, येत नाही. "कवाच?" कधीच नाही, मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पुढची कांडी लावली.

दाजी, त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं की ही पोर आता इथंच राहावी. सुमनच्या मनानं ते कधीच घेतलं होतं. ती वैशूसाठी परकर शिवत होती आणि मापापेक्षा चांगली चार बोटं लांब शिवत होती, पुढच्या वर्षीही यावा म्हणून.

दिवाळीआधी गल्लीतल्या पोरांनी किल्ले करायला घेतले. हस्तकलेच्या मास्तराच्या दारात भिकार किल्ला असून चालत नाही, तेव्हा मीही बाह्या सारल्या. शाळेच्या सहलींमुळे पन्हाळा माझ्या डोळ्यांपुढं होता. तुमचाच गाळ घेतला, कागदाचा लगदा मिसळला, तटबंदी केली, तीन दरवाज्याच्या कमानी काड्यापेटीच्या पुठ्ठ्याच्या. उतारावर हळीव पेरलं. तीन दिवस गेले त्यात. शेवटच्या दिवशी शाळेतून येऊन बघतो तर ऐन माथ्यावर एक घर. पुठ्ठ्याचं, लाल कागदाचं छप्पर, शेजारी गोठा, गोठ्यात मातीच्या दोन म्हशी, दारात काड्यांचा ट्रॅक्टर. धान्याची कोठारं जिथं मी आखली होती, बरोबर तिथं.

मी विचारलं, "हे काय?"

वैशू म्हणाली, "आमचं घर."

"अगं, पन्हाळ्यावर तुमचं घर कुठंय? तिथं तालुक्याची कचेरी आहे."

"मग कचेरीत ऱ्हातो की," ती म्हणाली. "हितवर पानी चढत न्हाय."

दिगूनं मागून पुस्ती जोडली, "म्हसरं बी हाईत वर."

मी हात मागं घेतला. गल्लीतल्या एका पोरानं येऊन सांगितलं की मास्तर, किल्ल्यावर ट्रॅक्टर नसतो. मी त्याला म्हणालो, आमच्या किल्ल्यावर असतो.

मग भाऊबीज. आक्का आणि तुम्ही सकाळीच आलात. पुरानंतर आक्काला मी पहिल्यांदा बघत होतो. ती वाळली होती, हाताला चुना होता, भिंती सारवून रंगवून आली होती. पोरं तिला बिलगली. वैशूनं तिचा हात धरून तिला किल्ल्यापाशी नेलं. आक्कानं आपलं घर डोंगरावर बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तुम्ही मात्र उकिडवे बसून बराच वेळ निरखत होता. "गोठ्याचं दार उलटं केलंयस," एवढंच म्हणालात.

मी पाटावर बसलो. आक्कानं कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. ताटात साडी ठेवायची ती सुमननं माझ्या हाताशी ठेवलेली होती. मी ती ताटात ठेवली आणि म्हणालो, "आक्का, ही तुझी ओवाळणी. आता मी एक मागतो. दिगूला ने. वैशूला माझ्याकडे ठेव."

आक्काच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिनं तुमच्याकडे बघितलं. सुमन दारात उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलं. तुम्ही खुर्चीवर होता. कपबशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पावणं, ओवाळणी भावानं घालायची असती. मागायची नसती."

"दाजी, ती भिते," मी म्हणालो. "टाकीतलं पाणी पडलं तरी जिन्यावर चढते. तुम्हाला सांगितलंय मी."

"व्हय, भिती. म्हनून तर न्हेतोय."

"हा काय न्याय झाला? भिते म्हणून नदीच्या तोंडाशी न्यायची?"

"हितं ठेवली तर गाव म्हंजे पानी, ह्येवढंच डोस्क्यात धरून बसंल. जलमभर."

"आणि पुन्हा पूर आला तर?"

"येनार की. नदीकाठाला ऱ्हातोय, माळावर न्हाय."

"मग?"

"मग काय? हिनं पानी चढताना बघितलंय. वसरताना हितं हुती. वसरल्यालं बी बघू दे की."

मला राग आला. राग असा की पाटावरून उठून जावंसं वाटलं, पण भाऊबिजेला पाटावरून अर्धवट उठत नाहीत. मी म्हणालो, एक वर्ष तरी. तुम्ही म्हणालात, न्हाय. मी म्हणालो, शाळा. तुम्ही म्हणालात, आमच्याकडंबी हाय. आक्का काहीच बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यात ती कुणाच्या बाजूची होती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुमन आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

दुपारच्या गाडीनं तुम्ही पोरांना घेऊन गेलात. निघताना वैशूनं किल्ल्यावरचं घर अलगद उचललं, गोठ्यासकट, आणि मांडीवर घेऊन ती एस.टी.त बसली. लांब परकर पायात येत होता. तो सुमननं खोचून दिला. घरी परतल्यावर माथ्यावर घराच्या जागी चौकोनी डाग तेवढा उरला होता, बाकी सगळीकडे हळीव उगवून आलं होतं. सुमननं ते पाणी घालून आणखी आठ दिवस जगवलं. पुढं वर्षभर ती तुमच्याशी बोलली नाही. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही तिच्यासाठी काकवी पाठवत राहिलात आणि ती खात राहिली, बोलत नव्हती एवढंच.

त्यानंतर दर वर्षी सहामाही परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघांना आणून आमच्या दारात सोडायचा. हंगामाची घाई असो, मजुरांची वाट बघायची असो, स्वतः यायचा. 'पोरं आनलीत' म्हणायचा आणि भाऊबिजेला न्यायला यायचा. मधले दिवस आमचे. त्या दिवसांत आकाशकंदील झाले, चिरमुऱ्यांची तोरणं झाली, लव्हाळा उपटण्याच्या शर्यती झाल्या, त्यात दिगू गाठी ठेवून नुसती पाती तोडून जिंकायचा. शेवंतीच्या काड्या वैशूच्या हातून लागल्या की फुलं मोठी येतात असं सुमन म्हणायची. मी म्हणायचो, थोतांड आहे. पण लावायचं काम वैशूसाठीच राखून ठेवायचो. चपला वर ठेवायचं तिनं केव्हा सोडलं ते आठवत नाही. एका वर्षी लक्षात आलं की त्या दारातच पडल्यात, आणि बाकीच्यांच्या चपलांत वेड्यावाकड्या मिसळल्यात.

बारावीनंतर तुम्ही तिची ट्रंक घेऊन आलात. हॉलमध्ये मधोमध ठेवलीत. तुम्ही सुमनला म्हणालात, "वैनी, आता ठेवा. आता शिकाय ऱ्हाईल. भिऊन न्हाय." सुमन म्हणाली, "चहा टाकते," आणि चहात आपल्या हातानं तुमच्या अंदाजाची साखर घातली. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी ट्रंकेची कडी तपासत बसलो, ती सैल होती.

तुमच्याशी माझं भांडण मात्र मी सोडलं नाही. एक वर्ष आणखी ठेवली असती तर काही बिघडलं नसतं, असं मी कधी लग्नात, कधी वास्तुशांतीला, कधी फोनवर तुम्हाला ऐकवत राहिलो. तुम्ही हसायचा. एकदा म्हणालात, "पावणं, तुमचं बी खरं असंल." हे तुमचं मत होतं की मला गप्प करायची युक्ती, ते विचारायचं राहिलं. आता कुणाला विचारणार? आक्का म्हणते, "तेवढं न्हवं, ते तुझ्यामागं सगळ्यास्नी सांगायचं, माझ्या पोरीची दोन घरं हाईत." हे तुम्ही मला सांगितलं असतं तर निम्मं भांडण तिथंच मिटलं असतं. पण मग बोलायला काय उरलं असतं, हाही प्रश्नच आहे.

तुमच्या रक्षाविसर्जनाचं सांगतो, कारण ते तुम्ही बघितलं नाहीत. पावसाळा नुकता सरलेला, नदी पात्रात गेलेली, पण पाणी गढूळच होतं आणि घाटाच्या पायऱ्यांवर गाळ. दिगूच्या हातात मडकं होतं. वैशू त्याच्या पाठोपाठ उतरायला लागली तसे तुमच्या भावकीतले म्हातारे म्हणाले, "पोरी, तू थांब. बायकांनी पान्यात जायाचं नसतंय."

ती थांबली नाही. वळली फक्त. "त्या पुरानंतर मामाकडनं परत आले तवा आप्पा मला रोज सांजंला हितं आनायचं," ती म्हणाली. "पयल्या दिवशी वरच्या पायरीला बसलो. दुसऱ्या दिवशी तिच्या खालच्या. हात सोडत नव्हतं. पान्यात पाय घालाय मला उन्हाळा लागला. तवर एकदा बी चल म्हनालं न्हाईत. आता मी त्यास्नी पोचवून येते."

म्हातारे बाजूला सरले. मलाही हे माहीत नव्हतं. दर दिवाळीला पोर माझ्या घरात होती, तुम्ही माझ्या घरात होता, आणि दोघांपैकी कुणीही हे बोललं नव्हतं.

मी घाटावर उभा होतो, चपला घालून. मामानं सोबत जायचं असतं, पण मला पोहता येत नाही आणि पायरीवरचा गाळ बघून माझा पाय उचलेना. वैशू पाण्यात उतरली होती, गुडघ्याच्या वर, मग कमरेपर्यंत. तिथं ती सरळ उभी राहिली, दिगूला धरून. मग तिनं मागं बघितलं. मोकळा हात माझ्याकडे केला.

"मामा, या की. हितनं कंबरंएवढंच हाय."

मी चपला काढल्या आणि उतरलो. पाणी गार होतं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं, मडकं रिकामं होईपर्यंत सोडलं नाही. दाजी, त्या भाऊबिजेला तुम्ही माझं ऐकलं असतं, तर त्या दिवशी तुम्हाला पोचवायला ती माझ्या शेजारी काठावर उभी असती.